विषाणुसंसर्ग आणि वृद्धांतील अस्थिभंग

विषाणूंमुळे (व्हायरसांमुळे) होणाऱ्या रोगात किंवा त्यातून उठल्यानंतरच्या काळात वृद्ध व्यक्ती तोल जाऊन पडणे व त्या पडण्याने तिचे हाड मोडणे, या दोन घटनांमधील कार्यकारणसंबंधाचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. तापावर एका वैद्याने आणि मोडलेल्या हाडावर दुसऱ्याने उपचार करावयाचे, अशी विभागणी रुग्णालयांत व लोकांच्या मनातही रूढ आहे. वृद्धांच्या बाबतीत मात्र ताप आणि अस्थिभंग हे पुष्कळदा एकाच आजाराचे दोन टप्पे असतात. संसर्ग तीन मार्गांनी अस्थिभंगास कारणीभूत होतो : (१) आजाराच्या ऐन भरात अशक्तता, चक्कर व बुद्धिविभ्रम यांमुळे तोल जातो, (२) ताप उतरल्यानंतरही काही आठवडे वा महिने स्नायू दुर्बल व सांधे ताठर राहतात, (३) दीर्घकाळ टिकणाऱ्या रोगाचा वा त्यावरील औषधांचा परिणाम होऊन हाडच ठिसूळ बनते. पहिल्या दोहोंमुळे पडण्याची शक्यता वाढते, तर तिसऱ्यामुळे पडल्यावर हाड मोडण्याची शक्यता वाढते.

वार्धक्य, पडणे व हाडांची ठिसूळता : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींपैकी सु. २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी एकदा तरी पडतात. पडल्यामुळे जगात प्रतिवर्षी सु. ६ लक्ष ८४ हजार मृत्यू होतात, असा याच संघटनेचा २०२१ मधील अंदाज असून त्यांत ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. उभे राहणे व चालणे या क्रिया सहज वाटत असल्या, तरी त्यांसाठी डोळे, अंतःकर्णातील तोलाचे इंद्रिय, तळपायांतील संवेदना, पायांचे स्नायू आणि मेंदू यांचे सतत सहकार्य लागते. तरुणपणी यांपैकी एखादा घटक कमी पडला, तर इतर घटक ती उणीव भरून काढतात. वृद्धावस्थेत मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले पाय, गुडघ्यांची झीज इ. कारणांनी ही राखीव क्षमता अगोदरच घटलेली असते. त्यामुळे दोन-तीन दिवसांचा सामान्य तापही तोल बिघडविण्यास पुरेसा होतो.

हाडांची घनता सर्वसाधारणपणे वयाच्या तिशीत कमाल असते व पुढे हळूहळू घटत जाते. स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर ही घट वेगाने होते. हाडे आतून विरळ व ठिसूळ होण्याच्या या विकारास अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस) म्हणतात. अशा व्यक्तीचे हाड उभ्या उंचीवरून पडण्याइतक्या किरकोळ आघातानेही मोडते. मनगट, पाठीचा कणा व खुबा या तीन ठिकाणी असे अस्थिभंग विशेषेकरून होतात. पडताना हात टेकल्याने होणाऱ्या मनगटाजवळच्या अस्थिभंगाचे वर्णन एब्राहम कॉलिस या आयरिश शस्त्रवैद्यांनी १८१४ मध्ये केले व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मणका दबून चेपणे हे पुष्कळदा लक्षातच येत नाही. पाठदुखी व कमी होणारी उंची एवढीच त्याची खूण असते. या तिहींत सर्वांत गंभीर अस्थिभंग खुब्याचा, म्हणजे ऊर्वस्थीच्या (मांडीच्या हाडाच्या) वरच्या भागाचा होय. अंथरुणास खिळल्यामुळे फुप्फुसशोथ (न्यूमोनिया), शय्याव्रण, नीलांमध्ये रक्ताच्या गुठळ्या यांसारखे उपद्रव उद्भवतात. अनेक देशांतील पाहण्यांनुसार अशा रुग्णांपैकी सु. २० ते ३० टक्के रुग्ण वर्षभरात दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीप्रमाणे स्वतंत्रपणे हिंडणेफिरणे शक्य होत नाही. भारतीयांत हा अस्थिभंग पाश्चात्त्यांच्या मानाने सु. दहा वर्षे लवकर आढळतो. [⟶ अस्थिभंग].

संसर्गामुळे पडण्याची कारणे : तापात घाम, उलट्या, जुलाब व अन्नपाण्यावरील वासना जाणे यांमुळे शरीरातील पाणी घटते. वृद्धांना तहानेची जाणीवही कमी असते. परिणामी निजलेली व्यक्ती एकदम उठून उभी राहिली की, रक्तदाब झपाट्याने उतरतो व डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० मिमी. किंवा खालचा १० मिमी. पाऱ्याने उतरल्यास त्यास स्थितिजन्य न्यूनरक्तदाब म्हणतात. उच्च रक्तदाबावरील गोळ्या, विशेषतः मूत्रल (लघवी वाढविणारी) औषधे, तापाच्या दिवसांतही नेहमीच्याच मात्रेत चालू राहिल्यास हा धोका वाढतो. रक्तातील सोडियमाचे प्रमाण उतरल्यासही चाल अडखळते व गुंगी येते.

दुसरे महत्त्वाचे कारण मुग्धभ्रांती, म्हणजे अचानक उद्भवणारा तात्पुरता बुद्धिविभ्रम, हे होय. वृद्धांत गंभीर संसर्ग असूनही ताप पुरेसा चढत नाही आणि खोकलाही नसतो. वेळकाळाचे भान सुटणे, रात्री उठून भरकटणे, असंबद्ध बोलणे किंवा नुसते गप्प पडून राहणे एवढेच बाह्य चिन्ह असते. अशा अवस्थेत घडलेले पडणे हे कित्येकदा संसर्गाचे घरच्यांच्या नजरेस आलेले पहिले लक्षण ठरते. ‘वय झाले, पाय घसरला’ एवढ्यावर त्याची बोळवण केल्यास मूळ रोग उपचारावाचून राहतो. याखेरीज काही विषाणू अंतःकर्णाच्या तंत्रिकेवर (मज्जातंतूवर) शोथ उत्पन्न करतात व त्यामुळे गरगरल्यासारखी तीव्र चक्कर येते.

तिसरे कारण स्नायूंची झीज. दहा दिवसांच्या संपूर्ण शय्याविश्रांतीने निरोगी वृद्धांच्याही पायांतील स्नायुद्रव्य सु. १ किग्रॅ. घटल्याचे एका प्रायोगिक अभ्यासात आढळले आहे. संसर्गात शरीर स्नायूंतील प्रथिनेच ऊर्जेसाठी व प्रतिरक्षेसाठी वापरते, म्हणून ही झीज अधिकच होते. ताप गेला म्हणजे माणूस बरा झाला, असे समजून घरची माणसे निर्धास्त होतात. पण गमावलेले बळ भरून येण्यास वृद्धांना अनेक आठवडे लागतात. आजारानंतरचा हा मधला काळ पडण्याच्या दृष्टीने विशेष धोक्याचा असतो.

हाडांवरील परिणाम : निरोगी हाडात अस्थिजनक कोशिका (पेशी) नवे हाड घडवीत असतात, तर अस्थिभंजक कोशिका जुने हाड विरघळवीत असतात. शोथाच्या वेळी रक्तात वाढणारे इंटरल्यूकीन-६ व ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखे पदार्थ अस्थिभंजक कोशिकांना उत्तेजन देतात. चिकुनगुन्या व त्याच गटातील रॉस रिव्हर विषाणू यांवरील प्राणिप्रयोगांत हा समतोल ढळून हाडांची हानी होत असल्याचे दिसून आले आहे. तथापि आठवड्याभराच्या सामान्य विषाणुज्वराने मानवाचे हाड फारसे ठिसूळ होत नाही. दीर्घकालीन शोथ, हालचालीचा अभाव, सूर्यप्रकाशाअभावी घटणारे ड जीवनसत्त्व आणि स्टेरॉइड औषधे यांचा परिणाम मात्र निश्चित होतो. स्टेरॉइडे तोंडाने घेऊ लागल्यावर पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच अस्थिभंगाचा धोका वाढतो.

विशिष्ट विषाणुजन्य रोग : (अ) चिकुनगुन्या : टांझानियातील माकोंडे लोकांच्या भाषेतील या नावाचा संबंध रोगी वेदनेने वाकून जाण्याशी आहे. १९५२-५३ मधील साथीत हा रोग तेथे ओळखला गेला. भारतात तो १९६३ मध्ये कोलकात्यात आढळला व १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ झाली. त्यानंतर सु. तीन दशके तो जवळजवळ नाहीसा झाला होता. २००५ च्या अखेरीस तो पुन्हा उद्भवला आणि २००६ मध्ये देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. या साथीतील विषाणू पूर्वीच्या आशियाई वाणाचा नसून आफ्रिकी वाणाचा असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने दाखवून दिले. ही संस्था १९५२ मध्ये ‘विषाणू संशोधन केंद्र’ म्हणून स्थापन झाली व १९७८ पासून तिला सध्याचे नाव मिळाले. चिकुनगुन्यात मृत्यूचे प्रमाण अल्प असले, तरी घोटे, गुडघे, मनगटे व बोटांचे सांधे महिनोन्‌महिने दुखतात आणि वयोवृद्धांत हे दुखणे अधिक चिवट असते. सकाळी सांधे आखडलेले असतात. उकिडवे बसून उठता येत नाही. मनगट दुखत असल्याने काठी वा कठडा घट्ट धरता येत नाही. म्हणजे तोल गेल्यावर सावरण्याचे साधनच हातून जाते. दुखणे थांबावे म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून घेतलेल्या स्टेरॉइडांची त्यात भर पडते.

(आ) डेंग्यू : या रोगात ताप उतरू लागण्याच्या सुमारास रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट) घटतात व केशवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब उतरू शकतो. ताप ओसरल्याने रोगी उठून हिंडू लागतो, नेमकी तीच वेळ घेरी येण्याची असते. अशा वेळी हाड मोडल्यास रक्तस्राव अधिक होतो आणि शस्त्रक्रिया लांबणीवर टाकावी लागण्याचा संभव असतो. डोक्याला लागलेला मुका मारही मग दुर्लक्षणीय नसतो.

(इ) इन्फ्ल्यूएंझा व कोविड-१९ : या श्वसनमार्गाच्या संसर्गांत वृद्धांना वर सांगितलेली मुग्धभ्रांती व पराकाष्ठेची अशक्तता येते. २०२० पासूनच्या कोविड-१९ च्या जागतिक साथीत पडणे हेच प्रथम लक्षण असलेले अनेक वृद्ध रुग्ण निरनिराळ्या देशांत आढळले. खुब्याचा अस्थिभंग व कोविड-१९ एकाच वेळी असलेल्या रुग्णांत तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण, केवळ अस्थिभंग असलेल्यांच्या तुलनेने सु. तीन ते चार पट भरले. गंभीर कोविडमध्ये प्राणवायूची गरज लागणाऱ्यांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्राणरक्षक ठरल्याचे २०२० मध्ये सिद्ध झाले. अशा उपचारानंतर काही रुग्णांत ऊर्वस्थीच्या शीर्षाचा रक्तपुरवठा तुटून ते निर्जीव झाल्याचेही आढळले. यात न पडताच जांघेत व मांडीत दुखू लागते.

(ई) इतर रोग : नागिणीनंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या वेदनेवरील औषधांनी गुंगी येते व पडण्याचा संभव वाढतो. एचआयव्ही संसर्ग असलेल्या व्यक्ती प्रभावी औषधांमुळे आता वार्धक्यापर्यंत जगतात. त्यांच्यात मूळ रोगामुळे व टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल यांसारख्या औषधामुळे हाडांची घनता कमी आढळते. बालपक्षाघाताचा (पोलिओचा) देशातील अखेरचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला व २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. तथापि बालपणी या रोगाने पाय लुळा झालेली पिढी आता वार्धक्यात प्रवेश करीत आहे. त्या पायाचे हाड बारीक व विरळ असते आणि पडल्यास बहुधा तेच मोडते. विषाणू शरीरातून गेल्यानंतर अर्धशतकानेही त्याचा परिणाम अस्थिभंगाच्या रूपाने प्रकट होऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

चिपळूण परिसरातील परिस्थिती : रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण हे वाशिष्ठी नदीकाठचे शहर व त्याभोवतीचा सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतचा तालुका या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. येथे वार्षिक पर्जन्य ३,००० मिमी.हून अधिक असून तो मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. याच काळात जांभ्याच्या पायऱ्या, अंगणातील फरश्या, विहिरीचा काठ आणि वाड्यांना जोडणाऱ्या दगडी पाखाड्या शेवाळाने निसरड्या होतात. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणाऱ्या एडिस डासांची पैदासही पावसाळ्यात व त्यालगतच्या महिन्यांत वाढते. करवंट्या, टाकून दिलेले टायर, पत्र्याचे डबे व उघडी पिंपे यांत साचलेले स्वच्छ पाणी त्यांना पुरेसे होते. हे डास दिवसा चावतात. त्यामुळे दिवसभर पडवीत वा ओटीवर बसून असणारी वृद्ध माणसे त्यांना सहज सापडतात. अशा रीतीने ताप आणणारा ऋतू व पाय घसरविणारा ऋतू येथे एकच आहे.

लोकसंख्येची रचनाही विचारात घेण्यासारखी आहे. कोकणातून मुंबईकडे होणाऱ्या स्थलांतरामुळे गावी राहणाऱ्यांत वृद्धांचे व स्त्रियांचे प्रमाण जास्त आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. ती २०११ मध्ये १६,१५,०६९ पर्यंत घटली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. त्या वेळी राज्याचे सरासरी प्रमाण ९२९ होते. अस्थिसुषिरता स्त्रियांत अधिक असल्याने ही बाब महत्त्वाची ठरते. घरात एकटी राहणारी वृद्धा तापात उठून न्हाणीघराकडे वा परसात जाताना पडली, तर तिला उचलणारे कोणी जवळ नसते. तासन्‌तास जमिनीवर पडून राहिल्याने स्नायूंचा नाश, निर्जलीभवन व शय्याव्रण हे उपद्रव मूळ दुखापतीत भर घालतात.

जुलै २००५ मध्ये व पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहर जलमय झाले. पुरानंतर घरांत व रस्त्यांवर चिखलाचा थर, अडगळ झालेले सामान, खंडित वीज आणि साचलेले पाणी असते. पडण्याची आणि संसर्गाची कारणे यामुळे एकत्र येतात. पुरानंतरचा प्रत्येक ताप विषाणुजन्य नसतो, हेही ध्यानात घेणे जरूर आहे. चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा सूक्ष्मजंतुजन्य रोग असून त्यावर प्रतिजैव औषधे वेळीच देणे आवश्यक असते. दक्षिणेकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ पासून गोचिडींमार्फत पसरणारा क्यासनूर अरण्य रोग आढळला आहे. त्यातही बरे होताना दीर्घकाळ अशक्तता राहते. चिपळूण तालुक्यात कामथे येथे उपजिल्हा रुग्णालय आणि डेरवण-सावर्डे येथे वालावलकर रुग्णालय व त्यास जोडलेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असल्याने अस्थिभंगावरील उपचारांसाठी आता मुंबई किंवा कराड गाठणे दरवेळी आवश्यक राहिलेले नाही.

निदान : पडून आलेल्या प्रत्येक वृद्धाला ‘कसे पडलात’ या प्रश्नाबरोबरच ‘गेल्या काही दिवसांत ताप, खोकला, जुलाब किंवा अंगदुखी होती काय’ हेही विचारले पाहिजे. तापमान, निजून व उभे राहून मोजलेला रक्तदाब, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, रक्तकोशिका व बिंबाणू यांची गणना, सोडियम व मूत्रपिंडाचे कार्य या तपासण्या क्ष-किरण चित्राइतक्याच महत्त्वाच्या असतात. खुब्याच्या अस्थिभंगात पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूस वळते व तो पाय उचलता येत नाही. क्वचित हाडास नुसता तडा गेल्यास रोगी लंगडत चालू शकतो आणि पहिल्या क्ष-किरण चित्रात काही दिसतही नाही. दुखणे कायम राहिल्यास पुन्हा तपासणी करणे इष्ट असते.

उपचार : खुब्याचा अस्थिभंग झाल्याची शंका आल्यास रोग्यास उभे करू नये, चालवू नये किंवा तेल लावून चोळू नये. दोन्ही पायांमध्ये घडी घातलेले कापड ठेवून दुखरा पाय चांगल्या पायाशी हलकेच बांधावा आणि रोग्यास सपाट फळीवर निजवून न्यावे. वाडी रस्त्यापासून दूर असल्यास पाखाडीवरून उतरवितानाही हीच काळजी घ्यावी व पुढे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हाडवैद्याकडून हाड बसविण्याच्या प्रयत्नात जाणारे दिवस पुढे महागात पडतात, कारण या अस्थिभंगावर शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया होणे हितावह असते. संसर्ग असल्यास शस्त्रवैद्य, कायचिकित्सक व भूलतज्ञ यांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो. निर्जलीभवन, सोडियमाची घट व घटलेले बिंबाणू या बाबी आधी सुधाराव्या लागतात. तथापि केवळ ताप आहे म्हणून शस्त्रक्रिया अनिश्चित काळ लांबविल्यास अंथरुणातील उपद्रव वाढतात.

डेंग्यूची शंका असेतोवर ॲस्पिरीन व आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके टाळून पॅरासिटामॉल वापरतात. शस्त्रक्रियेनंतर रोग्यास शक्य तितक्या लवकर उठवून चालविणे हा उपचाराचाच भाग आहे. अस्थिसुषिरतेवर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे देतात. यांपैकी झोलेड्रॉनिक अम्लाच्या पहिल्या मात्रेनंतर तीन दिवसांपर्यंत ताप व अंगदुखी होऊ शकते. ती नव्या संसर्गाची खूण समजून घाबरण्याचे कारण नसते, परंतु त्या दिवसांत तोलाची काळजी घ्यावी लागते.

प्रतिबंध : प्रतिबंधाचे उपाय साधे असून त्यांतील बहुतेक घरच्या घरी करता येण्याजोगे आहेत. तापाच्या दिवसांत वृद्ध व्यक्तीला पेज, सरबत, ताक यांसारखे द्रव पदार्थ वारंवार द्यावेत. हृदय व मूत्रपिंड यांचे विकार असल्यास त्यांचे प्रमाण वैद्याकडून ठरवून घ्यावे. रक्तदाबाच्या व झोपेच्या औषधांच्या मात्रेबाबत वैद्याचा सल्ला घ्यावा. उठताना प्रथम अंथरुणावर बसावे, मिनिटभर थांबावे व मग आधार धरून उभे राहावे. रात्री दिवा व हाताशी भांडे असावे. न्हाणीघरात व शौचकूपात धरण्यासाठी दांडा बसवावा. पायऱ्यांवरील शेवाळ पावसाळ्यात वारंवार खरडून काढावे आणि उंबरठ्याची कड उठून दिसेल असा रंग तीस द्यावा. ताप उतरल्यावर विश्रांती लांबवू नये. पहिले काही दिवस कोणाच्या तरी सोबतीने थोडे थोडे चालणे, खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम आणि डाळी, अंडी, मासे, दूध यांसारखा प्रथिनयुक्त आहार यांनी स्नायूंचे बळ परत येते.

साचलेले पाणी आठवड्यातून एकदा रिकामे करणे व भांडी घासून कोरडी करणे यांमुळे एडिस डासांची पैदास रोखता येते. इन्फ्ल्यूएंझा, कोविड-१९ व नागीण यांवरील लसी वृद्धांसाठी उपलब्ध आहेत. चिकुनगुन्यावरील लसीस अमेरिकेत २०२३ मध्ये प्रथम मान्यता मिळाली; परंतु मुख्यत्वे वयोवृद्धांत आढळलेल्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०२५ मध्ये तिचा तेथील परवाना निलंबित करण्यात आला. त्यामुळे या रोगाबाबत डासांचे नियंत्रण हाच आजही प्रमुख उपाय आहे. २०१०-११ पासून राबविण्यात येणाऱ्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांची तरतूद आहे. तापाचा वृद्ध रुग्ण घरी पाठविताना त्याची चाल पाहणे, तो घरी एकटा राहतो काय याची चौकशी करणे आणि पुढील काही आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवण्यास आरोग्यसेविकेस सांगणे, एवढ्या अल्प खर्चाच्या दक्षतेने अनेक अस्थिभंग टाळता येतात.